दुपारी ऊन, पहाटे दहिवर: वसंतातली कोवळी रोपं कशी जपायची

वसंताची चाहूल लागली की बागेत हात शिवशिवतात. दुपारचं ऊन चांगलं तापतं, माती भुसभुशीत झालेली असते, खिडकीतल्या ट्रेमधली रोपं उंच होऊन एकमेकांवर रेलायला लागतात. चार दिवस गारठा नाही असं पाहून ती सगळी वाफ्यात जातात आणि एका निरभ्र पहाटे काळी पडतात. यात निम्मा दोष थंडीचा, निम्मा आपल्या समजुतीचा. थंडी कुठूनतरी चालून येते आणि वर कापड टाकलं की ती अडते, असं आपण धरून चालतो. बहुतेक रात्री घडतं ते उलटं. दिवसभर मातीत साठलेली उष्णता रात्री मोकळ्या आकाशाकडे निघून जाते. ती रोपांच्या आसपास अडवून धरायची, एवढाच या सगळ्या खटाटोपाचा अर्थ आहे. पुढचं प्रत्येक काम याच हिशेबाने करायचं.

धोक्याची रात्र आधी ओळखा

आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि हवा कोरडी, अशी संध्याकाळ दिसली की सावध व्हावं. ढग असतील तर जमिनीतून निघालेली बरीचशी उष्णता ते परत खाली पाठवतात. वारा असेल तर वरची तुलनेने उबदार हवा खालच्या गार हवेत मिसळत राहते. दोन्ही नसले की जमिनीलगतची हवा झपाट्याने थंड होते आणि जड असल्यामुळे तिथेच बसून राहते.

अंदाजात सांगितलेलं किमान तापमान साधारण दीड मीटर उंचीवरच्या, पेटीत झाकलेल्या तापमापकाचं असतं. आपली रोपं वीतभर उंचीची, तीही उघड्या आकाशाखाली. शांत रात्री पानाचं तापमान त्या आकड्यापेक्षा 2 ते 4 अंशांनी कमी असू शकतं. म्हणजे अंदाजात 3 अंश सेल्सिअस असलं तरी वाफ्यात दव गोठू शकतं. नाजूक रोपं बाहेर असतील तर 4 अंशांचा अंदाज दिसला की पांघरुणं बाहेर काढून तयार ठेवावीत.

तापमानाशेजारी दवबिंदूचा आकडाही दिलेला असतो, तो फारसं कोणी बघत नाही. हवा दवबिंदूपर्यंत थंड झाली की पानांवर दव धरतं, आणि वाफेचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते, त्यामुळे पुढची घसरण मंदावते. दवबिंदू 5 अंश असेल तर रात्र बहुधा निभावते. तो शून्याखाली 3-4 अंश असेल तर घसरणीला लगामच नसतो. अशा कोरड्या रात्री पांढरं दहिवर, म्हणजे गोठलेल्या दवाचा थर, दिसतही नाही, थेट पानं काळी झालेलीच दिसतात. पांढरा थर नाही म्हणजे रोपं वाचली, असं समजू नये.

थंडीचा दुसरा प्रकार म्हणजे वाऱ्याबरोबर आलेली थंड लाट. हवाच मुळी शून्याखालची असते आणि ती सतत वाहत असते. अशा वेळी कापडाचा उपयोग मर्यादित. कुंड्या घरात घ्याव्यात, बाहेरच्या रोपांवर बादल्या पालथ्या घालाव्यात आणि लावणी पुढे ढकलावी. या लेखातले बहुतेक उपाय शांत, निरभ्र रात्रींसाठी आहेत. सुदैवाने वसंतातल्या धोक्याच्या रात्री बऱ्याचदा तशाच असतात.

एक किमान-कमाल तापमापक घ्या आणि तो भिंतीपासून दूर, वाफ्यातच, रोपांच्या उंचीवर लावा. लावण्याआधी तपासूनही घ्या: पेल्यात बर्फाचा चुरा घ्यायचा, तो ओला होईल इतपत पाणी घालायचं, नीट ढवळून त्यात तापमापकाचं टोक चार-पाच मिनिटं ठेवायचं. शून्य दाखवायला हवं. दीड अंश दाखवत असेल तर ती चूक चिठ्ठीवर लिहून तापमापकाला चिकटवा. दोन-तीन आठवडे अंदाजाचा आकडा आणि आपल्या वाफ्याचा आकडा शेजारी शेजारी लिहिले, की आपली बाग अंदाजापेक्षा किती गार पडते ते कळतं. हा फरक हाती आला की निम्मी धाकधूक संपते.

कोणतं रोप किती सोसतं

पेशींच्या मधल्या जागेतलं पाणी आधी गोठतं. तो बर्फ पेशींतलं पाणी ओढून घेतो, पेशी आतून सुकतात आणि त्यांची आवरणं फाटतात. काटक रोपांच्या पेशींत साखर जास्त साठलेली असते आणि त्यांची आवरणं ही ओढाताण सहन करतात. टोमॅटोची करत नाहीत.

वाटाणा, पालक, कोबी, ब्रोकोली, केल, कांदा, लसूण ही मंडळी सवय झालेली असेल तर शून्याखाली 2-3 अंश निभावून नेतात, काही त्याहूनही जास्त. लेट्यूस, बीट, गाजर, फुलकोबी हलकं दहिवर सोसतात, पण वारंवार नाही. बटाट्याचा पाला शून्याखाली एक-दोन अंशांत जातो, मात्र जमिनीतला कंद शाबूत असल्याने पुन्हा फुटतो. टोमॅटो, मिरची, वांगी, भेंडी, घेवडा, काकडी, भोपळा आणि बेसिल यांना दव गोठलेलं अजिबात चालत नाही. यातल्या बहुतेकांना 10 अंशांखालच्या रात्रीसुद्धा मानवत नाहीत. रोप मरत नाही, पण रुसतं आणि कित्येक दिवस वाढत नाही. दोन आठवडे आधी लावलेला टोमॅटो आणि नंतर उबदार मातीत लावलेला टोमॅटो यांत पुष्कळदा नंतरचाच पुढे निघून जातो. घाईचा फायदा वाटाण्याला आणि पालकाला होतो, टोमॅटोला नाही.

तारीख ठरवताना आपल्या भागातल्या शेवटच्या दहिवराची सरासरी तारीख पाहतात. पण तिचा अर्थ नीट घ्यावा: जवळपास निम्म्या वर्षांत त्या तारखेनंतरही दव गोठतं. काटक भाज्यांना ती तारीख पुरते, किंबहुना त्या आधीच लावता येतात. नाजूक रोपांसाठी अशी तारीख शोधावी, जिच्यानंतर दव गोठण्याची शक्यता 10 टक्केच उरते. शिवाय मातीला विचारावं. सकाळी 5 ते 10 सेंटिमीटर खोलीवर तापमान पाहायचं. 5-6 अंशांना वाटाणा उगवतो, टोमॅटो आणि घेवड्याला 15 तरी लागतात, काकडीला 18 च्या पुढे.

लावणीआधी रोपं काटक करणं चुकवू नये. सुरुवातीला बाहेर सावलीत, आडोशाला तास-दोन तास, मग रोज थोडं जास्त ऊन-वारं, पाणी जरा हात राखून, असं आठवडा ते दहा दिवस. खत या काळात देऊ नये. नत्राने तरारलेली मऊ पालवी सगळ्यात आधी बळी पडते. कोबीवर्गीय रोपांना या सवयीचा मोठा फायदा होतो. टोमॅटोला ऊन-वाऱ्याची सवय होते, गोठण्याची मात्र कधीच होत नाही.

जागा

थंड हवा पाण्यासारखी उताराने वाहत जाते आणि खोलगट जागेत साचते. उताराच्या पायथ्याशी दाट कुंपण किंवा भरीव भिंत असेल तर तिच्या वरच्या बाजूला ती तुंबते. अशा ठिकाणी नाजूक रोपं नकोत, आणि कुंपणाच्या बुडाशी थोडी फट ठेवता आली तर हवा निघून जाते. याउलट विटांची किंवा दगडाची भिंत दिवसा तापते आणि रात्री ऊब सोडते. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे तोंड असलेली भिंत उत्तम, दक्षिण गोलार्धात उत्तरेकडे. छज्जाखाली किंवा सदाहरित झाडाखाली रोपाला आकाश कमी दिसतं, म्हणून तिथे उष्णताही कमी निसटते. पहाटे बागेत फेरी मारून दहिवर कुठे पांढरं दिसतं, कुठे नाही, आणि उशिरापर्यंत कुठे टिकतं ते बघून ठेवावं. त्या नकाशाला पर्याय नाही.

कुंड्यांतली मुळं चारी बाजूंनी गार पडतात, म्हणून कुंड्या भिंतीलगत एकमेकींना खेटून ठेवाव्यात.

त्या दिवशी दुपारपर्यंत

माती कोरडी असेल तर सकाळी किंवा दुपारच्या आत पाणी द्या. ओली माती कोरड्या मातीपेक्षा जास्त उष्णता साठवते आणि खालची ऊब वर येऊ देते. कोरड्या भुसभुशीत मातीत हवा भरलेली असते, त्यामुळे वरचा थर लवकर गारठतो. पाणी मातीला द्यायचं, पानांना नाही. संध्याकाळी उशिरा थंड पाणी ओतून उपयोग नाही, ते तापायला ऊनच उरलेलं नसतं. चिखलही नको, वरचे 15-20 सेंटिमीटर ओले झाले की पुरे.

आता एक गोष्ट, जी बऱ्याच जणांना उलटी वाटते. रोपांभोवती पेंढ्याचं किंवा वाळल्या पानांचं जाड आच्छादन असेल तर अशा दिवशी ते सकाळीच बाजूला सारावं. आच्छादन मुळांना जपतं हे खरं, पण दिवसा ऊन मातीपर्यंत पोचू देत नाही आणि रात्री मातीची ऊब पानांपर्यंत येऊ देत नाही. पेंढ्यावर उभं असलेलं रोप उघड्या, ओल्या, दाबलेल्या मातीतल्या रोपापेक्षा जास्त गारठतं. याच कारणाने त्या आठवड्यात कुदळणी, निंदणीही टाळावी. हा नियम वरची पालवी वाचवण्यासाठी आहे. लसणाचे जमिनीतले गड्डे जपायचे असतील तर आच्छादन जागेवर राहू द्यावं. रोपं बोटभर उंचीची असतील, उदाहरणार्थ नुकतेच वर आलेले बटाट्याचे कोंब, तर सरळ मातीची भर देऊन झाकून टाकावीत. याहून स्वस्त आणि खात्रीचं पांघरूण नाही.

पांघरूण कसं घालायचं

वेळ: ऊन कलल्यावर, पण माती अजून उबदार असताना. रात्री जेवणं उरकून टॉर्च घेऊन बाहेर पडलात तर झाकायची ती ऊब तोवर निम्मी निघून गेलेली असते.

काय घालायचं: बागकामासाठी मिळणारं न विणलेलं पांढरं पॉलिप्रॉपिलीनचं कापड सगळ्यात सोयीचं. ते वजनाने हलकं असतं आणि त्यातून हवा, पाणी, प्रकाश आरपार जातात. दर चौरस मीटरला 17 ग्रॅमचं कापड साधारण 1 ते 2 अंशांचं रक्षण देतं, 30 ग्रॅमचं 2 ते 3, आणि 50 ग्रॅमचं 3 ते 4 अंशांचं. मात्र जाड कापडातून प्रकाश जेमतेम निम्माच आत जातो, म्हणून ते दिवसभर ठेवू नये. जुन्या चादरी, सोलापुरी जाडीच्या असोत की पातळ, पडदे, गोणपाट, ब्लँकेट हेही चालतात. फक्त ते ओले झाले की जड होऊन रोपं मोडतात आणि ऊबही धरत नाहीत. पाऊस किंवा दाट दव अपेक्षित असेल तर त्यांच्यावर प्लॅस्टिकचा एक थर द्यावा.

नुसतं प्लॅस्टिक हा सगळ्यात फसवा पर्याय. पातळ पारदर्शक पॉलिथिनमधून उष्णतेची किरणं बरीचशी निसटून जातात, आणि ज्या पानांना ते चिकटतं ती पानं तिथल्या तिथे गोठतात. शिवाय सकाळी काढायला उशीर झाला तर आत रोपं उकडून निघतात. वापरायचंच तर सांगाड्यावर ताणून, पानांपासून चार बोटं दूर.

सांगाडा म्हणजे काही मोठं काम नाही. जाड तारेच्या किंवा लवचीक पाइपच्या कमानी वाफ्यावर दर 60 ते 90 सेंटिमीटरवर रोवायच्या, दोन्ही टोकं हातभर नाही तर निदान वीतभर मातीत. कापड दोन्ही बाजूंनी जमिनीपर्यंत येऊन वर आणखी वीतभर मातीवर पसरलं पाहिजे. कडा विटांनी, दगडांनी किंवा मातीने दाबायच्या. कमानीवर कापड सुटू नये म्हणून कपड्यांचे चिमटे लावायचे. एकही फट राहू देऊ नका. फटीतून ऊब निसटते आणि वारा सुटला तर तिथूनच कापड उडतं.

सर्वत्र दिसणारी चूक म्हणजे झुडपाच्या शेंड्यावर कापड टाकून ते खोडाशी दोरीने आवळणं. दिसायला बंदोबस्त चोख दिसतो, पण त्या कापडाच्या आत उष्णता देणारं काहीच नसतं. माती तर खाली, गाठीच्या बाहेर राहिली. कापड झग्यासारखं खाली जमिनीपर्यंत सोडा, म्हणजे मुळाशी असलेल्या मातीची ऊब आत चढेल.

सुटी रोपं असतील तर पालथी कुंडी, बादली, पुठ्ठ्याचं खोकं किंवा बूड कापलेली मोठी प्लॅस्टिकची बाटली पुरते. कुंडीच्या बुडाचं भोक खड्याने बुजवायचं. बाटलीचं झाकण रात्री लावायचं, सकाळी काढायचं. हलक्या खोक्यावर वीट ठेवायला विसरू नका.

आणखी ऊब हवी असेल तर

वाफ्याचा आकडा शून्याखाली 4-5 अंशांपर्यंत जाईल अशी शंका असेल तर पांघरुणाच्या आत पाण्याच्या बाटल्या ठेवा. काळ्या रंगाच्या असल्या तर दिवसा उन्हात जास्त तापतात. एक किलो पाणी 1 अंशाने थंड होताना सुमारे 4.2 किलोज्यूल उष्णता देतं, पण गोठताना 334 किलोज्यूल देतं. म्हणजे सकाळी बाटलीत बर्फ दिसला तर ती वाया गेली नाही, तिने आपलं काम चोख केलं. बाटल्या काठोकाठ भरू नयेत, गोठताना पाणी फुगतं. एक-दोन बाटल्यांनी फरक पडत नाही, प्रत्येक रोपाशेजारी एक हवी.

जुन्या पद्धतीच्या तारेच्या दिव्यांची माळ पांघरुणाखाली सोडली तर थोडी ऊब मिळते. एलईडीची माळ नुसती शोभेची, तिची उष्णता नगण्य. दिवे बाहेर वापरण्याजोगे हवेत आणि कापडाला टेकता कामा नयेत. मेणबत्त्या, शेगड्या कापडाखाली ठेवण्याचा विचारही नको. बंद ग्रीनहाउसमध्ये कोळशाच्या शेगडीचा विषारी वायू साठतो, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

धूर करण्याचा सल्ला अजूनही ऐकू येतो. धुराचे कण इतके बारीक असतात की जमिनीतून निघणारी उष्णता ते अडवू शकत नाहीत. जो काही उपयोग होतो तो आगीच्या उष्णतेचा, आणि घरच्या बागेत तेवढी आग कोणी लावू नये. धूर शेजाऱ्यांच्या नाकातोंडात जातो, एवढाच त्याचा परिणाम.

रात्रभर पाणी फवारण्याची रीत मोठ्या फळबागांत खरोखर चालते. पानावर पाणी गोठताना उष्णता सोडतं आणि सतत नवं पाणी येत राहिलं तर पान शून्याच्या आसपास टिकतं. घरी मात्र मी हे करू नका असंच सांगेन. पाणी मध्येच थांबलं किंवा कमी पडलं तर बाष्पीभवन सुरू होतं, आणि एक किलो पाण्याची वाफ होताना गोठण्यातून मिळालेल्या उष्णतेच्या सातपट उष्णता खर्ची पडते. रोप न फवारलेल्या रोपापेक्षाही जास्त गारठतं, शिवाय बर्फाच्या ओझ्याने मोडतं ते निराळंच.

सकाळी

सगळ्यात कमी तापमान मध्यरात्री नव्हे तर सूर्योदयाच्या सुमारास, कधी कधी त्यानंतरही थोडा वेळ असतं. त्यामुळे उजाडलं की लगेच कापड ओढू नका. वाफ्यातला तापमापक शून्याच्या वर चांगला चढला, गोठलेलं दव वितळून ओलं दिसायला लागलं, की मग काढा. आणि काढाच. दुपारपर्यंत ठेवलं तर आत उकाडा होतो, मधमाश्या फुलांपर्यंत पोचत नाहीत, मातीलाही ऊन मिळत नाही, आणि मातीला आज ऊन मिळालं नाही तर आज रात्री अडवायला ऊबच उरणार नाही. अशा रात्री बहुधा दोन-तीन लागोपाठ येतात. पातळ 17 ग्रॅमचं कापड तेवढं कमानीवर दिवसाही राहिलं तरी चालतं.

फुलावर आलेली झाडं

फळझाडं कडक हिवाळा सोसतात, पण कळी जसजशी उघडते तसतशी तिची ताकद घटते. कळ्यांची टोकं नुकती रुपेरी दिसत असताना सफरचंदाचं झाड शून्याखाली 9 अंशांपर्यंत फारसं नुकसान न होता निभावतं. पूर्ण फुलोऱ्यात मात्र शून्याखाली 2.2 अंशांना सुमारे 10 टक्के फुलं जातात आणि 3.9 ला 90 टक्के. दीड-दोन अंशांत एवढा फरक पडतो, म्हणून लहान झाडावर एक साधं कापडसुद्धा वाया जात नाही. मोठ्या झाडाच्या मागे लागू नका. स्ट्रॉबेरीचं उमललेलं फूल तर शून्याखाली एका अंशालाच दगावतं: पाकळ्या पांढऱ्याशुभ्र राहतात, पण मधला पिवळा भाग काळा पडतो. तशा फुलाला फळ धरत नाही.

तरीही फटका बसला तर

गोठलेली पानं सकाळी गडद हिरवी, ओलसर, उकडल्यासारखी दिसतात आणि ऊन लागलं की माना टाकून काळी पडतात. गोठलेल्या अवस्थेत रोपाला हात लावू नका, ते काचेसारखं मोडतं. शक्य असेल तर सकाळच्या थेट उन्हासमोर आडोसा धरा, म्हणजे पानं सावकाश वितळतील. गरम पाणी ओतणं, खत देणं, घाईने छाटणं यांतलं काहीच करू नये. काळी पानं पुढच्या रात्री खालच्या कोंबांना थोडं झाकतात, म्हणून थंडीचा धोका टळेपर्यंत ती तशीच असू द्यावीत. आठवडा-दोन आठवड्यांत कुठून फुटवा येतो ते दिसतं. झुडपाची फांदी मेली की जिवंत आहे हे बघायला नखाने साल किंचित खरवडा. आत हिरवं असेल तर थांबा, तपकिरी आणि कोरडं असेल तर हिरवं लागेपर्यंत मागे छाटा.

टोमॅटोचा शेंडा गेला पण खालचं खोड हिरवं आणि टणक असेल तर बगलेतून फुटवा निघतो. खोडच जमिनीपर्यंत मऊ पडलं असेल तर रोप उपटा. काकडी, भोपळा आणि घेवडा यांच्याबाबत वाट पाहण्यात अर्थ नसतो. उबदार मातीत नवं बी टाकलं की ते आठवड्याभरात वर येतं. टोमॅटो-मिरचीची मात्र तीन-चार जादा रोपं ट्रेमध्ये राखून ठेवावीत, आणि ती 10 टक्के शक्यतेची तारीख उलटेपर्यंत कोणाला देऊन टाकू नयेत.